होडीला बांधलेले जाळीचे तळे

वीर गाव मुंबई-गोव्याच्या रस्त्यावर आहे. १९९३ साली रोह्याहून कोकण रेल्वे वीरपर्यंत आली. तेव्हापासून महाडकडचा माणूस वीरला गाडीतून उतरतो. मे महिना आला, की चाकरमानी आणि त्यांची पोरे सुट्टीला येतात. उन्हाने अंग भाजून निघते. पोरांचे पाय आपोआप पाण्याकडे वळतात.

वीरहून दासगाव जवळच. तिथे सावित्रीचे पात्र रुंद होते. नदीची खाडी होते. महाबळेश्वराच्या डोंगरात उगवलेली ही नदी पोलादपूर, महाड करीत येते आणि पुढे बाणकोट-हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. पूर्वी दासगावला मुंबईकडचे मचवे लागत. आता ते दिवस गेले. पण होड्या आहेत. मासे मारणारे आहेत. सुट्टीत पाहुण्यांना होडीतून फिरवून आणणारेही आहेत.

होडी पाण्याच्या मध्यावर गेली, की पाहुणा काय म्हणतो? "जरा थांबव रे दादा. एक डुबकी मारून घेतो."

इथेच खरी गोष्ट सुरू होते. डुबकी मारणारा पोहणारा असतोच असे नाही. मुंबईत त्याची अंघोळ बादलीतली. पोहणारा असला, तरी हौदात पोहणे निराळे आणि खाडीत पोहणे निराळे. हौदाला चार भिंती असतात. दमला तर माणूस भिंत धरतो. खाडीला भिंत कुठे? खालून पाणी ओढत असते. होडी एका दिशेला सरकते आणि माणूस दुसऱ्या.

आपल्या देशात दर साल ३०,००० हून जास्त माणसे पाण्यात बुडून मरतात. सरकारी नोंदींतून हा आकडा दिसतो. ज्याची नोंद झाली नाही, तो वेगळाच.

मग कोणा शहाण्याच्या मनात आले, की पाण्यातच भिंती का उभ्या करू नयेत? होडीबरोबर नेता येईल, गुंडाळून ठेवता येईल, असे एक तळेच का करू नये? परदेशात होडीतून हिंडणारे लोक असे तळे वापरतात. आपल्याकडेही करमणुकीच्या होड्या वाढत आहेत. तेव्हा ही वस्तू काय आहे, ती कशी वापरावी, कशी जपावी, आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा, हे जाणून घेणे बरे. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

हवा भार कसा उचलते

ही वस्तू दिसायला सोपी आहे. जाड प्लॅस्टिकच्या कापडाची एक मोठी नळी असते. ती गोल किंवा चौकोनी वळवून तिची दोन टोके जोडलेली असतात. तिच्यात पंपाने हवा भरायची. ती पाण्यावर तरंगते. हा झाला तळ्याचा काठ. या काठाला खाली जाळे लटकवलेले असते. चारी बाजूंनी जाळे आणि तळालाही जाळे. म्हणजे पाण्यात बुडवलेली एक मोठी झोळीच म्हणा. पाणी आत येते, बाहेर जाते. माणूस मात्र आतच राहतो. दमला तर काठ धरतो. चढायला एक दोरीची शिडी असते. आणि सगळे तळे दोरांनी होडीला बांधलेले असते.

ऐकायला नवीन वाटते. पण आपल्याला यात नवे फारसे काही नाही. आपले वाडवडील पोहायला कसे शिकले? पाठीला सुका भोपळा बांधून. कोणी पांगाऱ्याचे हलके लाकूड कमरेला बांधले. कोणी न सोललेल्या नारळांची जोडी घेतली. पुढे तेलाचा रिकामा डबा आला. मग ट्रकच्या चाकाची ट्यूब आली. आता प्लॅस्टिकचा कॅन आला. भोपळा असो की कॅन, काम करते ती आतली हवा.

हिशोब असा आहे. एक लिटर हवा पाण्याखाली दाबून धरली, तर ती सुमारे एक किलो भार वर उचलते. १५ लिटरचा बंद कॅन घ्या. तो जवळजवळ १५ किलो भार तोलून धरील. कॅनचे स्वतःचे वजन तेवढे वजा करा.

यावर कोणी विचारील, "माणूस तर ६० किलोचा. मग १५ किलो उचलणाऱ्या कॅनने तो कसा तरतो?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे, की पाण्यात बुडालेल्या अंगाला पाणीच तोलून धरते. विहिरीत बुडालेली घागर हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच जड होते, हे आपल्या बायाबापड्यांना ठाऊक आहे. माणसाचेही तसेच. नुसते डोके पाण्याबाहेर ठेवायचे असेल, तर चार-पाच किलोचा आधार पुरतो. पण तोच माणूस घाबरला आणि कॅनवर चढून बसायला गेला, की त्याचे सगळे वजन कॅनवर येते. कॅन खाली जातो आणि माणूसही.

जाळीच्या तळ्याचा काठही असाच समजावा. तो धरायचा असतो. त्यावर पाच-सहा जणांनी एका बाजूला बसायचे नसते. तसे केले, तर ती बाजू बुडते, समोरची उचलली जाते, आणि सगळे तळे पालथे होते. मग माणसे जाळ्याखाली सापडतात. माशासाठी केलेले जाळे माणसाला लागले, असे होते.

चांगल्या काठात हवेचे एकच पोट नसते. दोन-तीन वेगळे कप्पे असतात. एक फुटला, तर दुसरे तरंगत राहतात. विकत घेताना ही गोष्ट आधी बघावी. एकच कप्पा असेल, तर ती वस्तू पोरांच्या खेळण्यातली समजावी.

जाळे कशासाठी

जाळ्याची कामे दोन. एक म्हणजे पोहणारा वाहून जाऊ नये. दुसरे म्हणजे बाहेरचे काही आत येऊ नये.

बाहेरचे काय येते? समुद्राकडे गेले, की झार येतो. इंग्रजीत त्याला जेलीफिश म्हणतात. नाव माशाचे असले, तरी तो मासा नव्हे. पेजेच्या निवळीसारखा पारदर्शक जीव. खाली दोऱ्या लोंबतात. त्या दोऱ्या अंगाला लागल्या, की चाबूक मारल्यासारखी आग होते. २०१८ च्या ऑगस्टात मुंबईच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे, याच जातकुळीचे जीव वाहून आले होते. पाण्यात उतरलेल्या पुष्कळ लोकांना त्यांचा डंख झाला.

ऑस्ट्रेलिया देशाच्या उत्तरेकडच्या समुद्रात याच्या फार विषारी जाती आहेत. त्यांच्या डंखाने माणूस मरतो. म्हणून तिथे किनाऱ्यावर पोहण्यासाठी जाळ्यांनी बंद केलेल्या जागा असतात. नोव्हेंबर ते मे हा त्यांचा धोक्याचा काळ. त्या काळात लोक जाळ्याच्या आतच पोहतात. होडीबरोबर न्यायचे जाळीचे तळे हे त्याचेच धाकटे भावंड.

पण जाळे मोठा झार अडवते, त्याच्या तुटलेल्या दोऱ्या अडवत नाही. दोरीचा बोटभर तुकडा आत आला, तरी तो डसतो. डंख झाला तर वाळूने चोळू नये. गोड्या पाण्याने धुऊ नये, त्याने आग वाढते. समुद्राच्याच पाण्याने धुवावे. चिकटलेली दोरी काठीने किंवा चिमट्याने काढावी, उघड्या हाताने नव्हे. मग सोसवेल इतक्या गरम पाण्याचा शेक द्यावा. धाप लागली, छातीत कळ आली, तर दवाखाना गाठावा.

जाळ्याची भोके केवढी असावीत, यालाही महत्त्व आहे. भोके मोठी असली, तर लहान मुलाचा पाय आत अडकतो. फार बारीक असली, तर जाळे पाणी अडवते, प्रवाहात शिडासारखे फुगते आणि होडीला ओढू लागते. करंगळी जाईल पण पायाचा अंगठा जाणार नाही, असा अंदाज ठेवावा. गाठीचे जाळे अंगाला खरचटते. बिनगाठीचे विणलेले जाळे चांगले. माशाचे जुने, फाटके, बारीक धाग्याचे जाळे मात्र या कामाला कधीही लावू नये. त्यात हातपाय गुंतले, की जितके झटकावे तितके ते आवळते. ज्याने पाग टाकला आहे त्याला हे सांगायला नको.

मगरीपुढे हे जाळे चालत नाही

आता आपल्या नदीचे बोलू.

सावित्रीत मगरी आहेत. महाडच्या आसपास त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. अभ्यास करणाऱ्यांनी त्यांची पाहणी केली आहे. आपल्याकडे कोणी तिला सुसर म्हणतात. पण खरी सुसर वेगळी. तिचे तोंड लांब, चिमट्यासारखे असते आणि ती उत्तरेकडच्या नद्यांत राहते. आपली ती मगर. तोंड रुंद, अंग जाड. पूर्ण वाढलेला नर चार मीटरच्या आसपास जातो.

मगरीच्या जबड्याला नायलॉनची जाळी म्हणजे काही नाही. हवेचा काठ तर दात लागताच फुसकन बसेल. म्हणून स्पष्ट सांगतो. जिथे मगर आहे, तिथे हवेचे जाळीतळे टाकून पोहायचे नाही. "जाळे आहे ना, मग काय होतंय?" असे म्हणणारा माणूस सगळ्यांत धोक्यात असतो. त्याला जाळे नसते, तर तो निदान घाबरून काठावर तरी राहिला असता.

मग मगरीच्या नदीकाठच्या लोकांनी करावे काय? अंघोळ तर चुकत नाही. धुणे चुकत नाही.

श्रीलंका देशात यावर जुना उपाय आहे. तिथल्या नद्यांतही मगरी पुष्कळ. तिथे लोक काठालगतच्या पाण्यात जाड खुंट्या जवळ जवळ ठोकतात. तीन बाजूंनी दाट कुंपण होते. चौथी बाजू काठाची. आत उतरायला पायऱ्या. खुंट्यांमधून पाणी खेळते, मगर येत नाही. त्यांच्या भाषेत याला 'किंबुल कोटुव' म्हणतात. म्हणजे मगरीपासूनचा कोट. आता काही ठिकाणी लाकडाऐवजी लोखंडी गज घालतात. त्या कोटात बायका धुणी धुतात, माणसे अंघोळ करतात, पोरे खेळतात.

आम्हांला विचाराल, तर नदीकाठच्या गावाला हवेच्या तळ्यापेक्षा हा कोट जास्त कामाचा. तो चार-दोन पाहुण्यांच्या पोहण्यासाठी नाही, रोजच्या उपयोगासाठी आहे. आपल्याकडे बांबू आहे. हात आहेत. मात्र एक ध्यानात ठेवावे. कोट बांधला आणि विसरला, असे चालत नाही. पाण्यातला बांबू कुजतो. एक खुंटी मोडली, की मगरीला दार मिळते. आणि दार असलेला कोट हा कोट नसल्यापेक्षा वाईट, कारण आतला माणूस बेसावध असतो. नदीच्या पात्रात काही उभारायचे, तर ग्रामपंचायत आणि सरकारी खाते यांना विचारून उभारावे. पावसात तो टिकत नाही. दर साल नवा करावा लागतो.

मगरीची चाल थोडी समजून घ्यावी. ती पाठलाग करून शिकार करीत नाही. दबा धरते. पाण्याच्या कडेला, नुसते डोळे आणि नाकपुड्या वर ठेवून पडून राहते. पाण्याशी वाकलेले माणूस तिला लहान जनावर वाटते. म्हणून कडेला वाकून भांडी घासणारी बाई, पाणी पिणारी शेळी आणि एकटाच डुंबणारा पोरगा यांना भीती जास्त. हिवाळ्यात ती ऊन खायला वर येते. पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि त्याची राखण करते. पावसाच्या सुमाराला पिल्ले फुटतात. राखण करणारी मादी चिडकी असते. आणि आपला उन्हाळी सुट्टीचा काळ नेमका तोच.

माशांची आतडी, कोंबडीची पिसे, मेलेले जनावर नदीत टाकू नये. घाटाजवळ टाकले, म्हणजे मगरीला जेवायचे आमंत्रणच दिले. संध्याकाळी आणि अंधारात पाण्यात उतरू नये. मगरीला दगड मारू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला पूर्ण संरक्षण आहे. तिला मारणे गुन्हा आहे. गावात मगर आली, तर वनखात्याला कळवावे.

कुठे टाकावे, केव्हा टाकावे

समजा, मगरीचे भय नाही अशी जागा आहे. धरणाचे संथ पाणी आहे किंवा समुद्राकडचा आडोशाचा कोपरा आहे. तिथेही तळे टाकण्याआधी चार गोष्टी बघाव्यात.

पहिली गोष्ट ओढ. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. जाळे तर पाण्यात उभे असलेले अंग. ओढीत ते एका बाजूला पसरते, तळ वर येतो, आतली माणसे जाळ्याला चिकटून बसतात. पाण्यात गवताची काडी टाकून बघावी. सावकाश चालणाऱ्या माणसाइतकी जरी ती पळाली, तरी त्या जागी तळे टाकू नये.

खाडीत ही ओढ दिवसभर सारखी नसते. भरतीचे पाणी दासगाव-महाडच्या बाजूला चढते आणि ओहोटीला उतरते. भरती ते भरती साडेबारा तासांच्या आत-बाहेर. भरती पुरी चढली, की थोडा वेळ पाणी थांबल्यासारखे होते. पुन्हा उतरायच्या आधीची ती वेळ. पाण्यात उतरायचे तर तेवढ्यात उतरावे आणि पाणी फिरायच्या आत बाहेर यावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा कमी. हे घड्याळात शोधायची गरज नाही. गावातल्या कोणत्याही जुन्या तांडेलाला विचारा. तो आकाशातला चंद्र बघून सांगेल.

दुसरी गोष्ट खोली. तळ्याच्या जाळ्याचा तळ नदीच्या तळाला टेकता कामा नये. टेकला, तर दगडावर, कालवांवर घासून फाटतो. बुडालेल्या झाडाच्या फांदीत अडकतो. दोरीला दगड बांधून खोली मोजावी. ओहोटीला पाणी किती उतरेल, तेही हिशोबात धरावे. जिथे वाळू काढलेली आहे, तिथे खड्डे असतात. कडेला गुडघाभर आणि दोन पावलांवर दोन पुरुष, अशी गत असते. तिथे तर लांबच राहावे.

तिसरी गोष्ट वारा. हवेचा काठ हलका. वाऱ्याने पतंगासारखा उडतो. २१ मे २०२४ ला उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव आणि कळाशी या गावांमधली होडी वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण बुडाले. मे महिन्यातला दुपारचा वारा असा असतो. आधी सगळे शांत, मग एकाएकी धूळ आणि लाटा. आभाळ काळवंडले, की पोहणारे होडीत, तळे गुंडाळून होडीत, आणि होडी काठाला. वाद घालत बसू नये.

चौथी गोष्ट पाऊस. पाऊस सुरू झाल्यावर नदीत हे काम पूर्ण बंद. आपल्या डोक्यावर पाऊस नसला, तरी वर महाबळेश्वराला पडत असतो. ते पाणी सांगून येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या माणसांसकट पाण्यात गेल्या. वाहून गेलेल्यांचा शोध थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत घ्यावा लागला. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेले. ज्या पाण्याने एस.टी. नेली, त्या पाण्यापुढे हवेची नळी काय करणार?

वापरताना

होडी नांगरावर उभी करावी. यंत्र बंद करावे. नुसते थांबवून चालत नाही, किल्ली काढून खिशात घालावी. यंत्राचा पंखा जिथे असतो, त्या मागच्या बाजूला तळे बांधू नये. बाजूला बांधावे. दोर दोन असावेत, एक पुढचा आणि एक मागचा. गाठ अशी मारावी, की ओढताच सुटेल. हाताशी एक धारदार सुरी ठेवावी. जाळ्यात कोणी गुंतला, तर सोडवत बसायला वेळ नसतो. जाळे कापावे. जाळे पुन्हा विणता येते.

होडीवरून तळ्यात उडी मारू नये. शिडीने उतरावे. उडी मारणारा दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो किंवा जाळ्यात पाय घालून घेतो. पोटात दारू असलेल्याला पाण्यात सोडू नये, मग तो पाहुणा कितीही मोठा असो. ज्याला पोहता येत नाही, त्याने तळ्यातही तरंगायचे जाकीट घालावे. लहान मुलांना तर जाकीट घालावेच, आणि एका मुलामागे एक मोठे माणूस आत असावे. जाळ्याच्या तळाला पाय टेकतो, असे मानू नये. तो तळ भुईसारखा नसतो. पाय देताच खाली जातो आणि तोल जातो.

एका माणसाने होडीत बसून फक्त बघायचे. त्याने मासे तळायचे नाहीत, फोनवर बोलायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. हे काम सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कंटाळवाणे. पण बुडणारा माणूस ओरडत नाही, हे त्यामागचे कारण आहे. नाटका-सिनेमात तो "वाचवा, वाचवा" म्हणतो. खरे बुडणे मुके असते. तोंड पाण्याच्या वर येते, खाली जाते. श्वास घ्यायलाच पुरत नाही, तर ओरडणार कसा? हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतो. बघणाऱ्याला वाटते, पोरगा खेळतोय. आणि एका मिनिटात खेळ संपतो.

असे दिसले, तर पहिल्यांदा काठी, वल्हे, दोर किंवा बंद कॅन त्याच्याकडे टाकावा. पोहता येते म्हणून लगेच उडी घेऊ नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघे जातात. एका पोराला काढायला बाप गेला, बापाला काढायला चुलता गेला, आणि एका घरातून तिघे गेले, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नये. पोट दाबून पाणी काढत बसू नये. गोल गोल फिरवू नये. या जुन्या रीती आहेत आणि त्यांत मोलाचा वेळ जातो. पोटातले पाणी मारत नाही. श्वास बंद पडल्याने माणूस मरतो. श्वास नसेल, तर उताणा निजवावा, मान थोडी मागे करावी, नाक दाबून आपल्या तोंडाने त्याच्या तोंडात हवा फुंकावी. छाती उचललेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने आणि भराभर ३० वेळा दाबावे. मग दोन वेळा फुंकावे. पुन्हा ३० वेळा दाबावे. दुसऱ्या कोणी तेवढ्यात १०८ वर फोन करून गाडी बोलवावी. गाडी येईपर्यंत थांबू नये. आरोग्य केंद्रात हे करून दाखवतात. वाचून कळते तेवढे पुरत नाही. एकदा हाताने करून बघावे.

जपणूक

हवा सकाळच्या थंडाव्यात भरावी. काठ अंगठ्याने दाबला, की किंचित दबेल इतपतच. खूप टणक करू नये. उन्हात आतली हवा तापते, फुगते आणि शिवण उकलते. तापलेले तळे काठावर ठेवू नये. ठेवायचेच तर थोडी हवा सोडावी. पाण्यात टाकल्यावर हवा थंड होऊन काठ सैल पडतो. घाबरू नये, दोन-चार पंप मारावेत. हवा गळते की तापमानाने कमी झाली, हे ओळखायला सोपी युक्ती आहे. साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला, तिथे भोक.

भोक बुजवताना एक लक्षात ठेवावे. सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन रबरासाठी असते. प्लॅस्टिकच्या कापडाला ते नीट धरत नाही. आज चिकटते, उद्या पाण्यात सुटते. ज्या कापडाची वस्तू, त्याच कापडाचे ठिगळ आणि त्याचाच डिंक घ्यावा. जागा सुकी आणि स्वच्छ करावी. ठिगळ लावून रात्रभर वजनाखाली ठेवावे. हवा भरायच्या तोटीत वाळूचा एक कण गेला, तरी हवा गळते. म्हणून तोटी आधी पुसावी आणि मग टोपण लावावे. ट्रकची ट्यूब वापरत असाल, तर तिची लोखंडी तोटी बाहेर आलेली असते. ती बरगडीला लागते. तिच्यावर चिंधी गुंडाळून घट्ट बांधावी.

खाऱ्या पाण्यातून आणलेले तळे गोड्या पाण्याने धुवावे. मीठ वाळले, की त्याचे खडे होतात आणि ते घडीत कापड कापतात. जाळ्याला शेवाळ आले, तर काथ्याच्या जुडग्याने घासावे. दगडावर आपटू नये. सावलीत वाळवावे. उन्हाने नायलॉन कुजते. बाहेरून धड दिसते, पण ओढले की तुटते. म्हणून दर वेळी दोन बोटांनी जाळ्याचा एकेक भाग ताणून बघावा. फाटके दिसले, तर गावात जाळे विणणारा असतोच. दुकानदारापेक्षा त्याचा हात चांगला. त्याला एक सांगावे, की ही शिवण माशांसाठी नाही, पोरांसाठी आहे. तो काय ते समजेल.

पुरते वाळल्याशिवाय घडी घालू नये. ओली घडी बुरशीने खाल्ली जाते. घडीत थोडी अंगाला लावायची पावडर शिंपडली, तर कापड कापडाला चिकटत नाही. भाताच्या कणगीजवळ ठेवू नये. उंदीर भातासाठी येतात आणि जाता जाता कापड कुरतडतात. आढ्याला दोरीने टांगावे. चुलीच्या धगीपासून लांब.

मृगाचा पाऊस लागायच्या आत तळे, दोर, जाकिटे, पंप सगळे धुऊन, वाळवून वर टांगलेले असावे. दिवाळीनंतर खाली काढावे, हवा भरावी, आणि एक रात्र तसेच ठेवून सकाळी अंगठ्याने दाबून बघावे. रात्रीत मऊ पडले, तर आधी भोक शोधावे. तोवर ते पाण्यात न्यायचे नाही.